अट नीट लिहा, मग लूप लावा नाहीतर फिल्टर

डेटाताई

परवा 'लूपमुक्त' यांनी लिहिलं होतं: "ऑब्जेक्टच्या यादीतून ॲट्रिब्यूट बघून हवे ते गाळून घ्यायचे असतील तर लिस्ट कॉम्प्रिहेन्शन. विषय संपला. फॉर लूप फिरवून अपेंड करणारा माणूस पायथन शिकलेलाच नाही, आणि फिल्टरला लॅम्ब्डा जोडणाऱ्याचा कोड मी रिव्ह्यूला घेत नाही." (लिस्ट कॉम्प्रिहेन्शन म्हणजे चौकोनी कंसात लूप आणि अट एकत्र लिहून नवी यादी बनवणं; फिल्टर म्हणजे अट लावून गाळणारं तयार फंक्शन; लॅम्ब्डा म्हणजे जागेवरच लिहिलेलं बिननावाचं फंक्शन.) खाली अंगठेच अंगठे. हुकमी सूर खटकला हे आहेच. पण एवढ्या लांब पोस्टमध्ये इफच्या पुढे काय लिहायचं यावर चकार शब्द नव्हता, याचा जास्त राग आला. मी जे काम करते त्यात पैसे अडकतात ते तिथेच.

इतिहासही अर्धाच सांगितला होता. फिल्टर, मॅप आणि लॅम्ब्डा १९९४ पासून, म्हणजे पायथन १.० पासून आहेत. कॉम्प्रिहेन्शन आलं २००० साली, २.० मध्ये. २००५ मध्ये खुद्द ग्विडो व्हान रॉसम यांनी लिहिलं की पायथन ३ मधून लॅम्ब्डा, मॅप, फिल्टर, रिड्यूस चारही काढून टाकावेत. लोकांनी ऐकलं नाही. रिड्यूसची रवानगी फंकटूल्स या मॉड्यूलमध्ये झाली, बाकीचे तिघे जागच्या जागी राहिले. भाषा ज्यांनी घडवली त्यांनाही जो निकाल लावता आला नाही, तो एका पोस्टमध्ये लागत नाही.

आता माझा मुद्दा. दूध संघांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर मी सांभाळते. एका जुन्या पुरवठादाराचा कोड आमच्याकडे आला. प्रत्येक उत्पादकाच्या दहा दिवसांच्या बिलाचा एक ऑब्जेक्ट: लिटर, सरासरी फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ), रक्कम, कपात. कपात म्हणजे पशुखाद्याची उधारी, ॲडव्हान्सचा हप्ता वगैरे. ती ठरली नसेल तोवर नन, म्हणजे पायथनचं 'काहीच नाही', ठरली की आकडा. बँकेत पाठवायची यादी अशी बनायची:

[ब फॉर ब इन बिलं इफ ब.कपात]

लिहिणाऱ्याच्या मनात होतं 'ज्यांची कपात ठरली आहे अशी बिलं'. पायथनने वाचलं 'ज्यांची कपात नन नाही आणि शून्यही नाही अशी बिलं'. ज्यांच्यावर रुपयाची उधारी नव्हती, नेमकी त्यांचीच बिलं मागे राहिली. एक बाई केंद्रावर येऊन विचारत होत्या, "आम्ही पेंड रोखीनं नेतो, मग आमचाच पगार का अडकतो?" त्यांना काय उत्तर द्यायचं? रक्कम डेसिमलमध्ये होती, पण त्याने काही वाचलं नाही, डेसिमलचं शून्यही इफला खोटंच वाटतं. कोड कॉम्प्रिहेन्शनमध्येच होता, एका ओळीत, दिसायला देखणा. लूप असता तरी हेच झालं असतं, फिल्टर असता तरी हेच.

म्हणून सांगते, अटीला नाव द्या. बिलाच्या क्लासवर 'कपात_ठरली' नावाची प्रॉपर्टी करा, आत एकच ओळ: सेल्फ.कपात इज नॉट नन. टेस्ट तिची लिहा, नन, शून्य आणि आकडा अशा तिन्ही बाजूंनी. मग कॉम्प्रिहेन्शन लिहा, फिल्टर लिहा, लूप लिहा. मला फरक पडत नाही.

लूपमुक्त

नाव घेऊन धागा काढलात तर उत्तरही घ्या.

तुमची गोष्ट खरी असेल, पण ती कॉम्प्रिहेन्शनची गोष्ट नाही. ननशी तुलना 'इज'नेच करा हे पेप ८ मध्ये, म्हणजे पायथनच्या लेखनशैलीच्या नियमावलीत आहे. नुसतं इफ एक्स लिहिताना खरं तर एक्स इज नॉट नन म्हणायचंय का ते तपासा, हेही तिथेच आहे. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी मी प्रत्येक पोस्टमध्ये बाराखडी गिरवायची का?

माझा मुद्दा वेगाचा आणि वाचनाचा होता. फिल्टरला लॅम्ब्डा दिला की प्रत्येक ऑब्जेक्टमागे एक फंक्शन कॉल पडतो. कॉम्प्रिहेन्शनमध्ये अट जागेवर तपासली जाते. २०२३ च्या ३.१२ पासून तर पेप ७०९ या बदलामुळे कॉम्प्रिहेन्शनसाठी आतल्या आत वेगळं फंक्शनही बनत नाही. आणि एक गोष्ट करायचा शक्यतो एकच उघड मार्ग असावा हे पायथनच्या झेनमध्ये, म्हणजे भाषेच्या तत्त्वांच्या यादीत लिहिलंय, ते मी लिहिलेलं नाही.

माझा राग कशावर आहे तेही सांगतो. ग्राहकाकडून कोड येतो. फंक्शन स्क्रीनभर. वर रिकामी यादी, मध्ये लूप, लूपमध्ये इफ, त्यात कंटिन्यू, त्यात पुन्हा इफ, शेवटी अपेंड. आणि मध्येच कुठेतरी ज्या यादीवर फिरतोय तिच्यातूनच रिमूव्ह. फिरता फिरता काढलं की पुढचा ऑब्जेक्ट एक घर मागे सरकतो आणि तपासल्याशिवाय सुटतो. दोन नको असलेले ऑब्जेक्ट शेजारी शेजारी असले की दुसरा यादीत जिवंत. टेस्टमध्ये शेजारी नव्हते म्हणून पास, प्रॉडक्शनमध्ये नापास. असले कोड निस्तरण्यात माझे शनिवार-रविवार गेलेत. म्हणून माझा सूर हुकमी आहे आणि तो राहणार.

लूपवाला सांगलीकर

रिमूव्हचं पाप लूपच्या माथी मारू नका साहेब. यादीची प्रत घेऊन फिरा, नाहीतर नवी यादी बनवा. त्यात लूपचा काय दोष?

मी लूप लिहितो, आणि का लिहितो ते सांगतो. साखर कारखान्याच्या ऊस नोंदींचं काम आहे. एका प्लॉटचा एक ऑब्जेक्ट: सभासद क्रमांक, जात, लागण तारीख, क्षेत्र, आडसाली की पूर्वहंगामी की सुरू की खोडवा. तोडणीचा कार्यक्रम लावताना यादी गाळायची. तुमची एक ओळ मला कोण आत आला ते सांगते. कोण बाहेर राहिला आणि का राहिला, ते सांगत नाही. आणि शेती ऑफिसात रोज तोच प्रश्न येतो. "माझा को ८६०३२ जातीचा प्लॉट, जुलैची लागण, शेजाऱ्याला टोळी आली, मला का नाही?" तिथे उभं राहून मी काय सांगू, पायथनने गाळला म्हणून?

माझ्या लूपमध्ये प्रत्येक नकारापुढे कारण आहे. लागण तारीख नाही. क्षेत्र शून्य. सभासद क्रमांक जुळत नाही. नाकारलेल्यांची वेगळी यादी बनते, ती छापून भिंतीवर लावतात. डीबगरचा ब्रेकपॉइंट मला हव्या त्या कारणावर लावता येतो. एका ओळीत कोंबलेल्या चार अँड आणि दोन ऑरमध्ये नेमकं कोण आडवं आलं ते तुम्ही शोधून दाखवा.

आणि मुलाखती घेणाऱ्यांनो, एका ओळीत लिहून दाखवा हे विचारणं बंद करा. माझ्या हाताखालचा एक चांगला पोरगा त्यामुळे नोकरीला मुकला. कागदावर त्याने व्यवस्थित लूप लिहिला, उत्तर बरोबर होतं, तरी म्हणे पायथॉनिक नाही.

लूपमुक्त

मी एका ओळीत कोंबा असं कुठे म्हटलं? कॉम्प्रिहेन्शन तीन ओळींतही लिहिता येतं, कंसात आहे, कुठेही तोडा. आत चार अँड आले की मीही ते फंक्शनमध्ये काढतो. आणि दोन याद्या हव्यात तर इटरटूल्स मॉड्यूलच्या कागदपत्रांत पार्टिशनची रेसिपी आहे, ती घ्या.

लूपवाला सांगलीकर

पार्टिशन दोनच ढीग करतं. मला कारण हवंय. कारण.

डेटाताई

सांगलीकर, तुमचं म्हणणं मला पटतं आणि त्यासाठी लूपचीही सक्ती नाही. प्लॉटच्या क्लासवर 'नकाराचं_कारण' अशी मेथड करा. सगळं ठीक असेल तर नन परत करेल, नाहीतर कारणाचं वाक्य. यादी गाळताना कारण इज नन हे बघायचं, भिंतीवरच्या यादीत तेच वाक्य छापायचं. दोन्ही ठिकाणी एकच नियम चालतो. नाहीतर होतं काय, तोडणीच्या यादीतला नियम बदलतो आणि नकाराच्या यादीतला जुनाच राहतो. मग एकच प्लॉट दोन्हीत सापडतो, किंवा कुठेच सापडत नाही.

लूपवाला सांगलीकर

हे चालेल. मेथडच्या आत इफच्या पायऱ्या मी माझ्या पद्धतीने लिहिणार.

आळशी_जनित्र

तुम्ही सगळे यादीच का बनवताय, हे मला कळत नाहीये. पायथन ३ मध्ये फिल्टर यादी देत नाही, मागाल तेव्हा एकेक ऑब्जेक्ट देतो. जनरेटर एक्स्प्रेशन तर २००४ पासून, २.४ पासून आहे. चौकोनी कंसाऐवजी गोल कंस, बस. मी सर्व्हरचे लॉग वाचतो, लाखो ओळी असतात, प्रत्येकीचा ऑब्जेक्ट. त्यातल्या एररच्या तेवढ्या मोजायच्या तर सगळ्या मेमरीत कशाला भरायच्या?

आणि ज्यांना एकच ऑब्जेक्ट हवा असतो ते काय करतात? आख्खी यादी गाळतात आणि पुढे चौकोनी कंसात शून्य. काही सापडलं नाही की इंडेक्स एरर. सरळ लिहा की: नेक्स्ट((उ फॉर उ इन उपकरणं इफ उ.क्रमांक == हवा), नन). पहिला सापडला की थांबतं, नाही सापडला तर नन. 'कुणी आहे का' एवढंच विचारायचं तर एनी आहे.

लॅम्ब्डाचा वेग म्हणाल तर लॅम्ब्डा नकाच वापरू. फिल्टरला ऑपरेटर मॉड्यूलमधला, ॲट्रिब्यूट काढून देणारा ॲट्रगेटर द्या. तो सी भाषेत लिहिलेला आहे, पायथनचं फंक्शन दर ऑब्जेक्टला बोलवावं लागत नाही.

लूपमुक्त

आळशी, तुमच्या फिल्टरची गंमत मी भोगलीय. आमच्याकडे एकाने लिहिलं होतं, थकीत = फिल्टर(...), आणि खाली इफ थकीत: मेल पाठवा. फिल्टरचा ऑब्जेक्ट इफला नेहमी खराच वाटतो, आत काही असो वा नसो. एकही थकबाकीदार नसताना रोज सकाळी मॅनेजरला रिकामी मेल. कुणी लांबी मोजायला लेन लावून बघितलं तर टाइप एरर. मग कुणी लिस्टमध्ये घातलं, पण त्याच्या आधी लॉगिंगसाठी एकदा फिरवून झालं होतं, म्हणून यादी कायमची रिकामी.

याहून वाईट ते पुढे. विभागांवर लूप, प्रत्येक विभागासाठी एक फिल्टर बनवून डिक्शनरीत ठेवला, लॅम्ब्डात क.विभाग == विभाग. वापरला लूप संपल्यावर. तोवर विभाग या व्हेरिएबलमध्ये शेवटचा विभाग. सगळ्या विभागांच्या अहवालात त्याच विभागाची माणसं. यादी जागेवर बनवली असती तर हे झालंच नसतं.

आळशी_जनित्र

शेवटचा दोष फिल्टरचा नाही, उशिरा तपासण्याचा आहे. जनरेटर एक्स्प्रेशनमध्येही पहिली यादी लगेच ठरते आणि अट नंतर तपासली जाते, तिथेही हेच होईल. पण ठीक आहे, साठवून ठेवायचं असेल, पुन्हा वापरायचं असेल, तर यादी करा. एवढं मी देतो. लॉग वाचताना मात्र नाही म्हणजे नाही.

एसक्यूएल_काका

ऑब्जेक्ट डेटाबेसमधून येत असतील तर तुमचे तिन्ही पक्ष चुकीचे आहेत. जँगोत, म्हणजे पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये, लोक लिहितात: [ऑ फॉर ऑ इन ऑर्डर.ऑब्जेक्ट्स.ऑल() इफ ऑ.ग्राहक.शहर == 'नाशिक']. सगळं टेबल मेमरीत येतं, आणि दर ऑर्डरमागे ग्राहक आणायला एक वेगळी क्वेरी जाते. ऑर्डरसोबतच ग्राहक आणणारं सिलेक्ट_रिलेटेड लावलंत तर क्वेऱ्या वाचतील, ओळी सगळ्याच येतील. गाळायचं काम डेटाबेसचं आहे, त्याच्याकडे इंडेक्स आहे. .फिल्टर(ग्राहक__शहर='नाशिक') लिहा आणि घरी जा.

मेमरीतच गाळायचं असेल तर निदान एकच यादी लूपच्या आत पुन्हापुन्हा गाळू नका. प्रत्येक गावासाठी आख्खी यादी चाळणारा कोड मी काल पाहिला. एकदाच फिरा, डिफॉल्टडिक्टमध्ये गावाप्रमाणे ढीग करा, मग हव्या त्या गावाचा उचला. वेग वेग म्हणून लॅम्ब्डावर भांडताय, खरा वेळ इथे जातो.

मास्तर

काकांनी गावाचं नाव काढलं म्हणून विचारतो. मी पॉलिटेक्निकला शिकवतो. मुलांना विद्यार्थी नावाचा क्लास लिहायला लावला, आत नाव, गाव, गुण. पायथन ३ मध्ये देवनागरी व्हेरिएबल चालतात, त्यामुळे पहिल्या वर्षाच्या मुलांना फार सोपं जातं. प्रवेशाच्या अर्जांची फाइल वाचली आणि गाव बघून गाळलं:

[वि फॉर वि इन वर्ग इफ वि.गाव == 'कऱ्हाड']

निम्मीच मुलं आली. बाकीच्यांच्या अर्जावरही कऱ्हाडच आहे. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं, अक्षरन्‌अक्षर सारखं. पुढेमागे स्पेस नाही, स्ट्रिप लावून झालं. लेन विचारलं तर एकाचं सहा, दुसऱ्याचं सात. वर्गात साठ पोरं बघतायत आणि दोन सारख्या शब्दांना पायथन 'वेगळे' म्हणतोय. हे काय आहे?

लिपीकार

मास्तर, हे पायथनचं नाही, ऱ्ह चं आहे. तो अर्धा र, चंद्रकोरीसारखा, युनिकोडमध्ये एकाहून जास्त तऱ्हेने साठवता येतो.

पहिली तऱ्हा: ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग ह. क, ऱ, हलन्त, ह, काना, ड. सहा. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर या ऱ ची स्वतःची कळ आहे.

दुसरी: साधा र, हलन्त, आणि मग शून्य रुंदीचा जोडक, झेडडब्ल्यूजे म्हणतात तो. डोळ्याला दिसत नाही, पण लेनमध्ये मोजला जातो. सात. काही कीबोर्ड असं लिहितात.

तिसरी: साधा र आणि खाली नुक्ता. हीही सात. युनिकोडडेटा मॉड्यूलमधलं नॉर्मलाइझ, एनएफसी हा प्रकार देऊन, तिसरीची पहिली करून देतं. दुसरीला ते हात लावत नाही, कारण युनिकोडच्या लेखी त्या दोन समान नाहीत.

मास्तर

मग जोडक काढून टाकला तर?

लिपीकार

तेवढंच कराल तर फसाल. जोडक गेला की उरतो साधा र, हलन्त, ह. त्याचा रफार होतो, ह च्या डोक्यावर चढतो, आणि कऱ्हाडचं 'कर्हाड' होतं. आता ते पहिल्याशीही जुळत नाही आणि वाचतानाही चूक. आधी 'र, हलन्त, जोडक' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलन्त' घाला, मग एनएफसी लावा, मग उरलेसुरले जोडक काढा. हा क्रम पाळा. आणि फाइल वाचतानाच, ऑब्जेक्ट बनवताना करा. गाळताना दर वेळी नाही.

ॲ चंही असंच. 'ॲड्रेस' मधला ॲ एकसंध अक्षर म्हणून येतो, कधी अ वर अर्धचंद्र देऊनही येतो. दिसायला सारखा, नॉर्मलाइझ जोडत नाही. आडनावांत ऱ्हे, ऱ्या असलेल्या प्रत्येक माणसाचं रेकॉर्ड यामुळे कुठे ना कुठे हरवतं.

एक आणखी. व्हेरिएबलच्या नावात झेडडब्ल्यूजे आला तर पायथन तिथेच सिंटॅक्स एरर देतं, आणि नावं स्वतःच नॉर्मलाइझ करून घेतं. स्ट्रिंगच्या आतलं मात्र जसंच्या तसं ठेवतं. म्हणून तुमचं 'गाव' हे ॲट्रिब्यूट नीट चाललं आणि त्यातलं 'कऱ्हाड' चाललं नाही.

लूपमुक्त

धागा ऑब्जेक्ट गाळण्याचा आहे. अर्ध्या र चा वेगळा धागा काढा की. पायथनची चर्चा काढावी आणि ती शुद्धलेखनावर जावी, हे इथे नेहमीचंच झालंय.

मास्तर

वेगळा का? माझी यादी चुकीची गाळली गेली, तर तो याच धाग्याचा विषय आहे. तुमची सगळी उदाहरणं स्टेटस, ॲक्टिव्ह, प्राइस अशी असतात. तिथे ऱ येत नाही, म्हणून तुम्हाला हा प्रश्न प्रश्न वाटत नाही. माझ्या मुलांच्या आईवडिलांची नावं आहेत ती. शिष्यवृत्तीच्या यादीतून मूल गळालं तर मी त्याला 'हा वेगळा धागा आहे' म्हणून सांगू?

लूपमुक्त

मी तुमच्या मुलांबद्दल काही बोललो नाही, उगाच तिकडे नेऊ नका.

एसक्यूएल_काका

मास्तर, चिडू नका, पण मूळ चूक नावावर गाळण्यात आहे. नाव हे ओळख नव्हेच. पंचायत राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला कोड आहे. तो साठवा, त्यावर गाळा, नाव फक्त दाखवायला ठेवा. जिल्ह्यांचंच बघा. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, पुढच्या वर्षी अहमदनगरचं अहिल्यानगर. ज्यांच्या कोडमध्ये जिल्हा == 'उस्मानाबाद' लिहिलेलं होतं, त्यांच्या नव्या नोंदी यादीतून बाहेर. ज्यांनी कोड वापरला त्यांनी टेबलातली एक ओळ बदलली.

लूपवाला सांगलीकर

काका, कोड तुम्हाला ऑफिसात बसून मिळतो. अर्ज भरणारा माणूस कोड लिहित नाही, गाव लिहितो. 'कऱ्हाड' लिहितो, 'कराड' लिहितो, 'मु. पो. कराड' लिहितो, 'ता. कऱ्हाड' लिहितो. त्या नावावरून कोड काढायचा तर आधी नावच जुळवावं लागतं. म्हणजे फिरून लिपीकारांकडेच आलो.

एसक्यूएल_काका

अर्जात लिहायची जागाच ठेवू नका. यादीतून निवडू द्या.

लूपवाला सांगलीकर

आणि गेल्या वीस वर्षांचे भरलेले अर्ज? ते कुणाकडून निवडून घेऊ?

एसक्यूएल_काका

जुन्यांसाठी नाव जुळवावं लागेल, मान्य. एकदाच. रोज नाही.

डेटाताई

लूपमुक्त, हे धाग्याबाहेरचं आहे असं मला वाटत नाही. माझ्या बिलाच्या गोष्टीत शून्य आणि ननमधला फरक इफने गिळला. मास्तरांच्या गोष्टीत == ने दोन कऱ्हाडांत नसलेला फरक काढला. दोन्हीकडे गाळण्याचा कोड वाचायला बरोबर होता, चूक ॲट्रिब्यूटमध्ये काय दडलंय ते न बघण्यात होती. आणखी एक घ्या. पायथन ३.५ च्या आधी मध्यरात्रीची वेळ, म्हणजे डेटटाइमची टाइम, शून्य तास शून्य मिनिटं, इफला खोटी वाटायची. इफ भेट.वेळ असं गाळलं की रात्री बाराची भेट गायब. २०१५ मध्ये ते भाषेतच बदललं, कारण इतक्या लोकांना तो सापळा अन्यायाचा वाटला. हे फॉर्मचे प्रश्न नाहीत. तुम्ही रिव्ह्यूला घेताना आधी लॅम्ब्डा शोधता, मी आधी इफच्या पुढचं ॲट्रिब्यूट शोधते आणि विचारते, याच्यात काय काय येऊ शकतं?

लूपमुक्त

बरं. अटीला नाव द्यावं, हे मान्य. ते मी आधीपासून करतोच, पण पोस्टमध्ये लिहिलं नव्हतं, तर आता ते लिहीन. फिल्टर-लॅम्ब्डा मी रिव्ह्यूला परत पाठवणार, त्यात बदल नाही. लूपबद्दल, नकाराची कारणं गोळा करायची असतील तर चालेल. नुसतं गाळायला नाही.

सांगलीकरांच्या पोराला नोकरी न देणाऱ्यांत मला धरू नका. मी मुलाखतीत कोड चालतो का ते बघतो.

आळशी_जनित्र

आणि ॲट्रगेटर?

लूपमुक्त

ॲट्रगेटर सॉर्टला ठीक आहे. फिल्टरला दिला की पुन्हा ट्रुथीनेसच, म्हणजे इफला खरं वाटतं का तेच, तपासला जातो, ताईंच्या कपातीचं तेच होईल. ब.कपात आणि ॲट्रगेटर('कपात') यात त्या बाबतीत काडीचा फरक नाही.

आळशी_जनित्र

प्रॉपर्टीचं नाव द्या की. ॲट्रगेटर('कपात_ठरली'). प्रॉपर्टी खरं-खोटंच परत करते, मग अडचण कुठे राहिली? वेग मात्र त्यात उरत नाही, प्रॉपर्टी पायथनमध्येच चालते, तेवढं धरून चला.

मास्तर

लिपीकार, तिकडी बदलण्याचं फंक्शन मुलांकडूनच लिहून घेतलं, ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या क्लासच्या इनिटमध्ये घातलं. यादी जवळजवळ पूर्ण आली. तरी काही मुलं बाहेर आहेत. रेप्रपेक्षा आस्की() लावून एकेक कोडपॉइंट बघितला, जोडक नाही, नुक्ता नाही. त्यांनी सरळ 'कराड' लिहिलंय, ह शिवाय.

लिपीकार

त्याला युनिकोड काही करणार नाही. ती दोन प्रचलित नावं आहेत, डिक्शनरी करा. डावीकडे लोक लिहितात ती सगळी रूपं, उजवीकडे काकांचा कोड.

एसक्यूएल_काका

आणि डिक्शनरीत न सापडलेली नावं गपचूप सोडू नका. सांगलीकरांसारखी वेगळी यादी छापा.

मास्तर

सोमवारी प्रॅक्टिकलला हेच देतो. पूर्ण तालुक्याची रूपं गोळा करायला मुलं आहेतच, प्रत्येकाला आपल्या गावाचं नाव घरी कसं लिहितात ते विचारून यायला सांगतो.